शकूताईचे चणे

पवईतल्या आमच्या ऑफिसात मला सगळे ‘कानवाली मॅडम’ म्हणतात. काम माझं खरेदी विभागातलं, पण दिवसभर फोनवर बोलणारी पोरंपोरी आमच्याकडे भरपूर. कोणाचा कान दुखायला लागला, कोणाचा इअरफोन सारखा निसटायला लागला, की ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. मी ड्रॉवरमधून दोन वस्तू काढते. एक, इअरफोनच्या टोकाला बसवायच्या मऊ रबरांची डबी. दुसरी, चण्यांचं पाकीट. चणे बघून नवीन पोरं एकमेकांकडे बघतात. मी म्हणते, “आधी चाव, मग बोलू.” त्यांना वाटतं, ही अक्कल माझी. ती माझी नाही, शकूताईची आहे, हे मी प्रत्येकाला सांगते. पण कोण शकूताई, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. म्हणून आता लिहूनच ठेवते.

साकीनाक्याला एका गाळ्यात मी बीकॉम झाल्या झाल्या लागले. किरीटभाईंचा सिलिकॉनच्या वस्तूंचा धंदा. कुकरच्या रिंगा, बाटल्यांची झाकणं, आणि मुख्य म्हणजे इअरफोनची रबरं. खालच्या बाजूला साच्यांची मशिनं आणि एक कंप्रेसर, जो दर पाच मिनिटांनी असा सुरू व्हायचा की बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहायचं. मशिनमधून सिलिकॉनचा एक ताव निघायचा, त्यावर ओळीनं रबरं चिकटलेली. बायका ती सुटी करून कडेचा पापुद्रा बारीक कात्रीनं कापायच्या. मग माल चेकिंगच्या टेबलावर यायचा. त्या टेबलावर शकूताई बसायची. मी कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये चलनं आणि पत्रं टाइप करायचे, त्यामुळे मला ती दिवसभर समोर दिसायची.

शकूताई मूळची जालन्याकडची. लग्न होऊन मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर आली, नवरा लवकर गेला, आणि एका मुलीला तिनं एकटीनं शिकवून नर्स केलं. शिक्षण सातवी. अंगानं बारीक, आवाज खणखणीत, आणि नजर थेट तुमच्या कानावर. माणसाच्या तोंडाकडे तिचं लक्ष नंतर जायचं. गाळ्यात आलेला कुरियरवाला बदलला की ती म्हणायची, “कालचा नव्हं हा. कालच्याचे कान डोक्याला चिकटलेले होते.” नावं तिच्या लक्षात राहत नसत, कान राहत.

पहिल्या महिन्यात मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. तिनंच ते मोडलं. “अगं माधुरी, तू ‘तुम्ही’ म्हणलीस की मला वाटतं नोटीस आली. तू म्हण.” तेव्हापासून ती माझी शकूताई झाली.

माझ्या कानांचा निकालही तिनं त्याच महिन्यात लावला. दहिसरहून येताना मी इअरफोन घालून यायचे आणि गाळ्यात पोचेपर्यंत डाव्या बाजूचं डोकं ठणकायला लागायचं. मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. एक दिवस मला कपाळाला बाम चोळत बसलेलं तिनं काचेतून पाहिलं आणि सरळ आत आली. माझा कान वरून धरला, शाळेत मास्तर धरायचे तसा, पण हळू, आणि जरा वर-मागे ओढून आत डोकावली.

“डावा लहान आहे तुझा.”

“काहीतरीच काय! दोन्ही कान सारखेच असणार ना?”

“दोन्ही चपला तरी सारख्या झिजतात का?” तिनं डब्यातून एक लहान आणि एक मध्यम रबर काढलं, माझ्या इअरफोनला डावीकडे लहान, उजवीकडे मध्यम बसवलं, आणि कान तसाच ओढून ते हलकेच फिरवून आत सरकवलं. “आता बोल.”

“काय बोलू?”

“नाव सांग, गाव सांग. तुझाच आवाज डोक्यात ढोलासारखा वाजला तर मोठं आहे. तो पंखा ऐकू आला तर लहान आहे. आणि काहीच कळलं नाही तर बरोबर आहे. पाहुणा आलाय हे कानाला कळता कामा नये.”

आज इतक्या वर्षांनीही मी डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम घालते, आणि बामाची बाटली घरात सुकून गेली. फक्त त्यामागचं शास्त्र तिनं जे सांगितलं त्याला काही अर्थ नव्हता. तिच्या मते माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचा कान लहान राहतो. मी उजव्या कुशीवर झोपते, असं मी तिला चारदा तरी सांगितलं. “तुला झोपेत काय कळतंय,” एवढं बोलून ती पुढच्या ट्रेकडे वळायची.

तिचे नियम कडक होते. दुसऱ्याची चप्पल एकवेळ घालावी, दुसऱ्याचं रबर घालू नये. घट्ट बसलं म्हणजे बरोबर बसलं, असं समजू नये. तासाभरानं कान लाल झाला की ते काढून टाकावं, मग ते कितीही महागातलं असो. रविवारी बुद्धविहारातून आली की कोमट साबणाच्या पाण्यात ती आपली रबरं धुवायची आणि पुसून स्टीलच्या ताटलीत खिडकीपाशी वाळत ठेवायची. सांडगे वाळत घातलेत असं समजून शेजारीण एकदा तोंडात टाकणार होती, ही गोष्ट ती स्वतःच सांगायची आणि हसता हसता तिला ठसका लागायचा. स्तुती मात्र तिला जमत नसे. कितीही उत्तम माल असला तरी ती बोटावर फिरवून बघायची आणि म्हणायची, “चालेल.” आम्ही त्या ‘चालेल’साठी जीव टाकायचो. तिच्या तोंडून याच्या वरचा शब्द मी कधी ऐकला नाही.

आता मालाच्या एका लॉटबद्दल सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आणि आधी माझा गुन्हा कबूल करते.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या पाकिटात चिवड्याचा दाणा निघाला. किरीटभाई भडकले. त्यांनी मला नोटीस लिहायला सांगितली आणि मी चांगल्या वळणदार अक्षरात लिहिली: ‘चेकिंगच्या टेबलावर बोलू नये. खाऊ नये.’ ती टेबलाच्या वरच भिंतीवर चिकटवली. माझं अक्षर सुंदर आहे असं सगळ्यांनी म्हटलं. शकूताई काही बोलली नाही, कारण आता बोलायची बंदी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हाला मोठी ऑर्डर मिळाली. पवईतल्या एका नव्या कंपनीचा पहिलाच इअरफोन येणार होता. कंपनी तरण्या पोरांची, डिझाइन त्यांचं, साचा त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे. माल आवडला तर वर्षभराचं काम आमचं, असं ठरलं होतं. गाळ्यात अकरा बायका होत्या आणि त्या वर्षभराच्या कामावर त्या सगळ्यांचं राहणं-जाणं होतं, कारण कुकरच्या रिंगांचं गिऱ्हाईक तेव्हाच सुटलं होतं.

चेकिंगची पद्धत अशी: प्रत्येक ट्रेमधून पाच जोड्या काढायच्या, नमुन्याच्या इअरफोनला लावायच्या, बायकांनी दहा मिनिटं कानात घालून बसायचं. सगळ्या जणी तोंड मिटून, ध्यानाला बसल्यासारख्या बसायच्या. कोणाचंच रबर हललं नाही. शकूताईनं ट्रेमागून ट्रे पास केला. ट्रेच्या कार्डावर ती आपला ‘श’ लिहायची, गोल पोटाचा आणि ठसठशीत. अर्ध्याच्या वर माल पॅक झाला.

एका शनिवारी ती किरीटभाईंना विचारून एक जोडी घरी घेऊन गेली. सोमवारी सकाळी ती आली तीच केबिनमध्ये.

“मालक, माल थांबवा. मी पास केलेला माल खराब आहे.”

किरीटभाईंचा चहा हातात राहिला. “अरे शकू, सकाळी सकाळी काय? ड्रॉइंगला बरोबर आहे ना?”

“ड्रॉइंगला बरोबर आहे. कानाला नाही. काल ते घालून बहिणीशी फोनवर बोलत होते अन् भाकर खात होते. तीनदा पडलं. जबडा हलला की कानाची वाट पण हलते ना. आम्ही इथं तोंड शिवून बसतो, तर पडेल कसं?”

मी खाली मान घालून टाइप करत राहिले. भिंतीवरचं माझं सुंदर अक्षर मला तिथूनही दिसत होतं.

किरीटभाई वाईट माणूस नव्हते, पण धंदेवाले होते. “ड्रॉइंग त्यांचं, जबाबदारी त्यांची. आपण कशाला बोलायचं?”

“पेटी उघडणाऱ्याला ड्रॉइंग दिसणार नाही, मालक. पडलेलं रबर दिसेल. तो त्यांच्याकडून पुन्हा घेणार नाही आणि ते आपल्याकडून घेणार नाहीत. वर्षाचं काम महिन्यात संपेल. आणि ट्रेवर ‘श’ माझा आहे.”

त्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, “ठीक. तूच जा पवईला, तूच सांग. पण ऐक शकू. त्यांनी ऐकलं नाही आणि ऑर्डर गेली, तर मी तुला टेबलावर ठेवू शकणार नाही. परत मशिनवर जावं लागेल. बाकीच्या बायकांना मी काय तोंड दाखवू?”

मशिन म्हणजे ती आच, ती कंबर मोडणारी उभं राहायची पाळी आणि कानाशी कंप्रेसर. नऊ वर्षं तिथं काढून ती टेबलावर आली होती. तिनं क्षणभर टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चालेल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पवईला गेलो. तिनं निळी, कडक इस्त्रीची साडी नेसली होती. रिक्षात मला म्हणाली, “तू फक्त इंग्रजी कर. मत माझं राहू दे.” वाटेत थांबून तिनं भाजलेल्या चण्यांची मोठी पुडी घेतली. मला वाटलं, भूक लागली असेल.

काचेच्या खोलीत सहा जण बसले होते. मधला कौस्तुभ, डिझाइन त्याचं. मुलगा नम्र होता, पण त्याच्या लॅपटॉपवर आलेख होते आणि टेबलावर एक गुलाबी रबरी कान होता, ज्यात ते आपली सगळी मापं तपासत. त्यानं तो कान आमच्यापुढे सरकवला आणि मराठीतच म्हणाला, “ताई, आम्ही यात शंभरदा टेस्ट केलंय. एकदाही पडलं नाही.”

शकूताईनं तो कान हातात घेतला. उलटा केला, आत डोकावली. मग विचारलं, “हा जेवतो का?”

कोणीतरी फिस्कन हसलं. कौस्तुभ हसला नाही. “म्हणजे?”

“हा बोलत नाही, जांभई देत नाही, भाकरी खात नाही. आमच्या टेबलावर आम्हीसुद्धा असंच केलं, म्हणून चूक माझी पण आहे. पास मीच केलंय.” आणि तिनं पुडी उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. “आपापला इअरफोन घाला. मूठभर चणे घ्या. चावता चावता एकमेकांशी भांडा.”

त्या खोलीत बसून सहा इंजिनिअर चणे खात क्रिकेटवर भांडत होते, हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही. पहिलं रबर अर्ध्या मिनिटात निसटलं. एकाचं टप्पकन चण्यांतच पडलं. “अरे यार, माझंपण गेलं!” पाच मिनिटांत चौघांचे कान रिकामे झाले. पाचवा बोटानं दाबून धरत होता, ते शकूताईनं पाहिलं आणि त्यालाही पडलेल्यांत धरलं.

राहिला कौस्तुभ. त्याचं काही पडलं नव्हतं आणि त्याला ते जरा बरंही वाटत असावं. शकूताई उठून त्याच्यामागे गेली. “साहेब, कान धरू का?”

“धरा ना, ताई.”

तिनं डावं रबर काढलं. आतली कड लाल झाली होती. “दुखतंय ना?”

“थोडंसं. मला वाटलं, नवीन असताना दुखतंच.”

“नवीन चप्पल चावते. रबर चावायला नको. डावा लहान आहे तुमचा.” पर्समधल्या डबीतून तिनं लहान रबर काढून बसवलं, कान वर-मागे ओढून आत सरकवलं, हातावर दोन चणे ठेवले. कौस्तुभनं चावून पाहिलं, थोडा बोलला, मग मान हलवून पाहिली आणि सावकाश हसला.

“अठ्ठावीस वर्षं हे कान लावून फिरतोय,” तो म्हणाला. “मला कोणी सांगितलंच नाही.”

मला त्या दिवशी इंग्रजीचं एक वाक्यही करावं लागलं नाही. आणि अभिमान म्हणजे काय ते मला माझ्या पदवीच्या दिवशी कळलं नव्हतं, त्या खोलीत कळलं. आमच्या गाळ्यातली बाई तिथं उभी होती आणि सगळे वह्या काढून तिचं म्हणणं लिहून घेत होते.

साचा बदलला. रबराची कड पातळ झाली आणि लहान-मध्यमच्या मधलं एक नवं माप वाढलं. पॅक केलेला माल वाया गेला, पण ऑर्डर राहिली, अकरा बायका राहिल्या आणि शकूताईचं टेबल राहिलं. परत आल्यावर मी स्टुलावर चढून माझी नोटीस फाडली. किरीटभाई केबिनच्या दारातून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चण्यांचा डबा आणून टेबलावर ठेवला, घट्ट झाकणाचा. तेव्हापासून चेकिंगच्या टेबलावर बोलणं आणि चावणं सक्तीचं झालं. बायका दहा मिनिटं सासवांवर बोलायच्या. शकूताई म्हणायची, सासवांचा विषय निघाला की जबडा सगळ्यांत चांगला हलतो.

कंपनीच्या पेटीत जो माहितीचा कागद जातो, त्यावर कौस्तुभनं दोन ओळी टाकून घेतल्या: ‘दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. रबर घातल्यावर थोडं बोलून आणि काहीतरी चावून पाहा.’ नाव अर्थात कुठेच नव्हतं. मी त्यावर कुरकुरले तर शकूताई म्हणाली, “कुकरवर कोणाचं नाव असतं? भात शिजतो ना?” पण तो कागद तिनं प्लास्टिकमध्ये घालून घरी बुद्धमूर्तीच्या शेल्फाशेजारी लावला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे मी गाळा सोडला आणि पवईला, आताच्या या ऑफिसात आले. शकूताईचे फोन यायचे. मग हळूहळू तिच्या बोलण्यात “काय म्हणलीस?” वाढायला लागलं. एक दिवस मी आई आजारी असल्याचं सांगितलं आणि ती म्हणाली, “बरं झालं, बरं झालं.” मी फोन ठेवला आणि रविवारी असल्फ्याला जाऊन तिला घेऊन घाटकोपरच्या कानांच्या दवाखान्यात गेले. तपासणीत कळलं, दोन्ही कानांचं ऐकणं बरंच कमी झालंय. वर्षानुवर्षं कानाशी मोठा आवाज असला की असं होतं, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. मला भयंकर राग आला. कानाच्या वस्तू बनवणाऱ्या गाळ्यात कोणी त्या बायकांच्या कानांचा विचार केला नव्हता. मीही नाही, मी तर काचेआड बसायचे. शकूताईला राग नव्हता. “कंप्रेसरनं थोडे कान घेतले,” ती म्हणाली. “त्याला पण लागत असतील.”

श्रवणयंत्र बसवायला पुन्हा गेलो, तीच आमची आजपर्यंतची शेवटची भेट. नंतर ती लेकीकडे जालन्याला गेली. यंत्राच्या टोकालाही तसंच मऊ रबर असतं, फक्त फार लहान. ती तपासणारी मुलगी अगदी तरुण होती, कामाला नवीन. तिनं प्रेमानं दोन्ही बाजूंना एकाच मापाचं बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, “आजी, बरं वाटतंय का?”

शकूताईनं पर्समधून पुडी काढली, चार चणे तोंडात टाकले आणि समोरच्या भिंतीकडे बघत चावू लागली. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

“डावं एक माप लहान दे, बाळ,” शकूताई म्हणाली. “आणि आजी नको म्हणू.”

“आपण आधी एकच माप घालून बघूया का, थोडे दिवस?”

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, “यांचं ऐका. कंपनीचे इंजिनिअर वही घेऊन यांच्यापुढे बसले होते.” आणि ती सगळी गोष्ट मी तिथंच सांगितली, रबरी कानापासून क्रिकेटपर्यंत. मुलगी हसली, डावं बदललं. शकूताईनं तिला कान कसा धरायचा तेही दाखवलं. पुन्हा चणे चावले आणि मान हलवली. उरलेली पुडी तिनं मुलीच्या टेबलावरच ठेवली. बाहेर एक आजोबा बसले होते, ते आत गेले आणि दार लागलं.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून शकूताई थांबली.

“ऐकलंस?”

“काय?” मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खाली रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ होता.

“ती पोरगी. आतमध्ये.”

मी परत वर जाऊन दाराशी उभी राहिले. आतून तो तरुण आवाज पुन्हा तेच सांगत होता: “आजोबा, हे दोन चणे घ्या. जरा चावून बघा, आणि माझ्याशी बोला.”

मी वळून पाहिलं. शकूताई कठड्याला धरून, मान किंचित तिरकी करून उभी होती. बंद दारापलीकडचं ते वाक्य तिनं माझ्याआधी ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते, पण तोंड अजून चण्यांनी भरलेलं होतं.

“चालेल,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.